म्हैस नसलेले घरमालक

आमच्या घोडेगावच्या घरमालकांकडे म्हैस नव्हती. ही गोष्ट आळीतल्या शेंबड्या पोरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. मला कळायला एक अख्खा पावसाळा जावा लागला.

व्हायचं असं, की संध्याकाळी शाळा सुटली, पोरांनी दप्तरं भिरकावली आणि ती टीव्हीसमोर फतकल मारून बसायच्या बेतात आली, की घरमालक ओट्यावर येऊन हाळी द्यायचे, "आरं, माझी म्हस सुटली रं! कुनी बघितली का?"

झालं. आळीतली सगळी पोरं-पोरी उठून नदीच्या उताराला सुटायची. चांगलं अंधारून यायच्या बेताला परत यायची, तोंडं लालबुंद, पाय चिखलात बरबटलेले.

"मास्तर, नदीत बसलीय. उठंना."

"मास्तर, आज पार डोंगराला लागली. शेपूट तेवढं दिसलं."

"मास्तर, तिला रेडकू झालंय!"

मग पुढचा आठवडा रेडकाचा शोध. मी त्या आळीत नवी भाडेकरीण. मनात म्हटलं, काय गबाळा माणूस आहे, एक म्हैस बांधून ठेवता येत नाही. आणि एक दिवस पदर सावरून, चांगला आवाज काढून मी त्यांना म्हणाले, "मास्तर, दारात म्हैस असताना आम्ही बाहेरून दूध कशाला घ्यायचं? आम्हाला रोज एक लीटर लावा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"लावलं आसतं सूनबाई. पर आटलीय."

मी हळहळले. वर सरकी-पेंड घालून बघा असा सल्लाही दिला. मी शेतकऱ्याची लेक, माझं माहेर मढच्या अंगाला, गोठ्यात वाढलेली. तरी नसलेल्या म्हशीला मी पेंड सुचवली. ओट्यामागे पोरं तोंडात बोळे कोंबून बसली होती, ते मला पुढे कळलं.

हा काळ नव्वद सालानंतरचा. केबल नुकती आली होती. आमचे हे घोडेगावला एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि दर तीन-चार वर्षांनी बदलीच्या गावाला बिऱ्हाड हलवायचं हा आमचा संसार. घरमालक एका शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी आखाड्यात घुमलेले, म्हणून दोन्ही कान चुरगाळलेल्या भज्यांसारखे. मिशी पांढरी, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, पायात टायरच्या वहाणा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आळी त्यांना मास्तर म्हणायची. भाडेकऱ्यांच्या सगळ्या बायकांना ते सूनबाई म्हणायचे. कुणाचं नाव त्यांना आठवत होतं असं मला वाटत नाही.

त्यांच्या पडवीत आरसा होता तो गुडघ्याच्या उंचीवर. खिळा चुकला असेल म्हणून मी एकदा विचारलं.

"चुकला न्हाई. तोंड बघायला दुनिया हाय की. पाय कोन बघतं? दिसभर तेच राबत्यात. सकाळी उठून त्यास्नी रामराम घालावा."

मी त्या आरशात कुंकू नीट करायला वाकले आणि उठताना कोनाड्यावर डोकं आपटलं. पोरांना मात्र तो आरसा भारी आवडायचा. आपापले पाय बघत, अंगठे हलवत, उड्या मारत बसायची. मास्तर एकेकाला विचारायचे, "ह्ये पाय आज कुटं कुटं गेलं व्हतं?" कुणी सांगायचं झाडावर, कुणी विहिरीच्या पायऱ्यांवर. एकजण म्हणाला, "मास्तर, आज कुठंच नाय, खाटेवर." तर मास्तर त्याच्या पायांकडे बघून हळहळले, "आरारा, लई कंटाळलं आसतील बिचारं." ते पोरगं घाईघाईनं पायांना फिरवायला घेऊन गेलं.

आता माझं सांगते, नाहीतर म्हणाल मास्तरांची टिंगल करते आणि स्वतःला झाकते. तेव्हा माझं वय तिशीच्या पुढचं आणि डोक्यात बारीक होण्याचं खूळ. एक मासिक यायचं. त्यात दर महिन्याला कुणीतरी बाई उकडलेला कोबी खाऊन वेतासारखी झालेली असायची. मी कोबी उकडला. सगळं घर कोबीच्या वासानं भरलं, आमचे हे कचेरीत जास्त वेळ थांबायला लागले, आणि मी होते तेवढीच राहिले. मग मी पुण्याहून पायाखालचा वजनकाटा आणवला. आमच्या खोलीची फरशी उंचसखल होती. शोधता शोधता मला एक कोपरा सापडला, तिथे काटा ठेवला की वजन चांगलं दोन किलो कमी भरायचं. मग काटा तिथून हलवला नाही. घोडेगावातली सगळी वर्षं माझं वजन त्या कोपऱ्यात राहत होतं.

मास्तरांनी एकदा मला त्यावर उभं राहिलेलं पाहिलं. कोपऱ्याची भानगड त्यांच्या लगेच ध्यानात आली.

"ही जागा कांद्याच्या व्यापाऱ्याला दावू नका सूनबाई," एवढंच म्हणाले.

आज मी दोन नातवंडांची आजी आहे आणि माझी कंबर मास्तरांच्या म्हशीसारखी झाली आहे. होती म्हणतात, पण पाहिलेला माणूस सापडत नाही. पण तेव्हा मी स्वतःपुरती खुळी असते तरी चाललं असतं. माझी लेक पिंकी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, गुटगुटीत, गोल चेहऱ्याची. माझं मासिक तिच्याही ताटात उतरलं. दुधी उकडलेला, भाकरी चतकोर. वर माझं तोंड चालूच: "तिसरा घास? बघ ती शेजारची, कशी शेवग्याच्या शेंगेसारखी आहे." आणि संध्याकाळी अंगणात दोरीच्या उड्या. मी आकडे मोजायची, ती रडत उड्या मारायची.

एका संध्याकाळी मास्तर आले आणि त्यांनी तिच्या हातातली दोरी घेतली.

"अहो, तिचा व्यायाम चाललाय!" मी म्हणाले.

"म्हशीला दावं न्हाई," ते म्हणाले. "जरा लागतंय. पिंके, चल गं, तुझी दोरी हाय तर तूच बांधायला ये."

ती दोरी मला परत मिळाली नाही. पिंकी त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे पळत गेली, कारण दावं तिच्या हातात होतं. चिखल तुडवून आली, तोंड फुललेलं, आणि मला म्हणाली, "आई, म्हैस पकडली होती, पण तिनं हिसका दिला." मी खिडकीतून बघत होते. आकडे मोजायला कुणी नव्हतं, म्हणून किती पळाली ते कळलं नाही.

खाण्याच्या बाबतीत मास्तर त्याहून तऱ्हेवाईक. विहिरीच्या कडेला त्यांनी काकड्या, गाजरं, मुळे लावले होते आणि भोवती काट्यांचं कुंपण. त्या कुंपणाला एका बाजूला भगदाड होतं, नेमकं पोरांच्या खांद्याएवढं. मास्तर दिवसातून दोनदा त्या भगदाडापाशी उभे राहून ओरडायचे, "माझ्या काकडीला हात लावंल त्याची तंगडी मोडीन!" घरी गाजराची कोशिंबीर पाहून नाक मुरडणारी पोरं तिथली माती लागलेली गाजरं कुडूम कुडूम खायची. मी एकदा प्रामाणिकपणे तक्रार केली, "मास्तर, तुमच्या काकड्या पोरं चोरतात. भगदाड बुजवा."

"हळू बोला," ते डोळे वटारून पुटपुटले. "आयकतील आन् सोडून देतील."

कुणाच्या ताटाकडे बघून "एवढंच?" किंवा "एवढं?" म्हणायचं नाही, हा त्यांच्या ओट्याचा नियम. कुणी ताट चाटूनपुसून लख्ख केलं तरी शाबासकी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जेवला तर शाबास, मंग न जेवला तर काय, नापास? ताट हाय त्ये, बोर्डाचा पेपर न्हाई."

आणि जाड्या, काडी, ढोल्या, सुकट ही नावं त्यांच्या अंगणात चालायची नाहीत. शेजारच्या एका व्रात्य पोरानं एकदा पिंकीला "ढोली" म्हटलं. माझ्या काळजात चर्र झालं. खरं सांगायचं तर त्यातला अर्धा चर्रपणा "लोकांच्या लक्षात आलं वाटतं" असा होता. मास्तर बाजेवरून उठले. मला वाटलं, आता त्या पोराचा कान पिरगाळतात. पण ते पिंकीपुढे उकिडवे बसले.

"पिंके, ह्याला उचलशील का पाठीवर? मनात आसंल तर. नसंल तर ऱ्हाऊ दे."

पिंकीनं त्या पोराकडे पाहिलं, ओढणी कमरेला खोचावी तसा फ्रॉक खोचला आणि खाली वाकली. पोरगं "नको नको" म्हणेस्तोवर ते तिच्या पाठीवर होतं आणि ती विहिरीकडे निघाली होती. विहिरीला वळसा घालून, पायऱ्या चढून, तुळशीला फेरी मारून तिनं त्याला आणून ओट्यावर ठेवलं. ते पांढरंफटक. मग एक पोरगी पुढं आली, "पिंके, मला पण!" दुसऱ्या दिवशी अंगणात रांग लागली आणि पिंकीला नाव पडलं, घाटघरची यष्टी. ती घंटी वाजवायची, तिकीट फाडायची, चढाला आवाज बदलायची.

मी तणतणत मास्तरांकडे गेले. "माझ्या मुलीला यष्टी म्हणतात!"

"तिला इचारलं का, आवडतंय का?"

"तिला काय कळतं?"

"मंग मी इचारतो. यष्टे! ह्ये नाव ठेवायचं का काढून टाकायचं?"

"ठेवायचं!" विहिरीकडून उत्तर आलं. "बाजूला व्हा, घाट लागलाय!"

मास्तर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दोन हजार सालानंतर कधीतरी. आमची तोवर बदली झाली होती, पण दहाव्याला आम्ही गेलो. नदीकाठी आळीतली ती सगळी पोरं जमलेली, कुणाला मिशा, कुणाच्या कडेवर मूल. त्यांचा एक लांबचा भाचा आला होता. त्याला वाटणीबिटणीची चिंता असावी, त्यानं हळूच विचारलं, "मामांची एक म्हैस होती म्हणतात. ती कुणाकडं हाय आता?" पोरांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. एक मिशाळ गडी गंभीरपणे म्हणाला, "डोंगराला हाय. आमी बघतो तिचं."

पण मला सांगायचं आहे ते पिंकीच्या नवसाचं.

पिंकी सातव्या महिन्यातली. जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी, रडायचं त्राण नाही. माझ्या सासूबाईंनी तेव्हा गावच्या देवीपुढे पदर पसरला होता: पोर जगली तर तुझ्या दारात गुळानं तोलीन. सासर आमचं आंबेगावच्या डोंगराकडचं, भातखाचरांचं गाव. तिकडे असा नवस फेडायचा म्हणजे चैत्रातल्या जत्रेत, सगळ्या गावासमोर. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गूळ, आणि तोललेला गूळ तिथेच प्रसाद म्हणून वाटायचा. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी बदली, कधी सुतक. घरात कुणाला ताप आला, गाय आजारी पडली, की सासूबाई म्हणायच्या, "देवी आठवन देतीय." शेवटी एका वर्षी त्या जत्रेआधी स्वतःच घोडेगावला येऊन बसल्या. औंदा फेडल्याबिगर हलायचं नाही.

आल्या आल्या त्यांनी ओट्यावरच पिंकीला जवळ घेतलं, तिचे गाल कुस्करले, कडाकडा बोटं मोडली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आगं माझी बाय ती! तळव्यावर मावत व्हती, आन् आता बघा! औंदा ढेपंनं भागायचं न्हाई गं, ट्रक सांगा गुळाचा, ट्रक!"

त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला होता. मेलेलं जगलं आणि जगलेलं बाळसेदार झालं, याहून मोठा आनंद त्या बाईला ठाऊक नव्हता. ओट्यावरचे सगळे हसले. पिंकीपण हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं.

एकदम नाही. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसतं ताक. "भूक नाही." "शाळेत खाल्लं." भाकरी ती मागच्या दारानं कुत्र्याला घालत होती. आणि मी? मी खूश! मनात म्हटलं, इतक्या दिवसांनी मासिकाला गुण आला. लेक शहाणी झाली. मी तिला त्या कोपऱ्यातल्या काट्यावर उभी केली आणि "वा!" म्हणाले. तेव्हाची मी आज समोर भेटले तर तिला आधी त्या काट्यासकट अंगणात उभी करीन.

मग एका संध्याकाळी पोरं नदीकडून ओरडत आली, "मास्तर, यष्टी बसली! उठंना!"

मास्तर त्या वयात असे पळाले की वहाणा मागे राहिल्या. पिंकीला खांद्यावर टाकून आणली. ओठ पांढरे, अंग गार, घाम फुटलेला. मी पदरानं तिचा घाम पुसला. सासूबाईंनी देवीचा अंगारा लावला. मास्तरांनी चुलीवर भात रटरटत होता त्यातली पेज काढली, मीठ घातलं आणि वाटी तिच्या हातात दिली. तोंडाला लावली नाही, हातात दिली.

तिनं वाटीकडे पाहिलं. "मला नको. जत्रा होऊ दे, मग खाते."

"जत्रंचा काय संबंध?" सासूबाई म्हणाल्या.

"मला हलकं व्हायचंय," पिंकी म्हणाली. "सगळे हसतील. ट्रक लागेल म्हणून." आणि मग इतकी हळू, की फक्त आम्हा तिघांनाच ऐकू आलं, "मला पारड्यात बसायचंच नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. "आगं पर मी लाडानं म्हनलं! आन् देवीला शबुद दिलाय गं बाय. तुझ्या जिवासाटी दिलाय. त्यो कसा मोडू?"

त्यांच्या डोळ्याला पाणी. पिंकीच्या डोळ्याला पाणी. एकीच्या जिवासाठी बोललेला नवस, आणि त्याच पायी ती उपाशी मरायला निघालेली. नवस मोडावा तर सासूबाई झुरणार, फेडावा तर पिंकी. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण निघालं काय, तर "दोन चमचे तरी घे." त्याच्या आदल्याच दिवशी मी तिला चतकोर भाकरीवर शाबासकी दिली होती. पिंकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईचं नक्की म्हणणं तरी काय आहे.

मास्तर दाराच्या चौकटीला टेकून मिशी कुरवाळत होते.

"आक्का, येक इचारू? नवस बोललात तवा पोर केवढी व्हती?"

"आता सांगितलं न्हाई का? तळव्याएवढी."

"आन् तवाच फेडला आसता, तर पारड्यात कशी बसवली आसती?"

"काय मास्तर! एवढंसं पोर एकलं बसतंय व्हय? आईच्या मांडीवर बसत्यात. मायलेकरं संगट तोलत्यात. आमच्यात पयल्यापास्नं तसंच."

"आसं व्हय," मास्तर म्हणाले. "मंग देवीनं नवस आयकला त्यो मांडीवरल्या पोराचा. आता तुमी एकलीला बसवनार. चालत आसंल, मला काय ठावं. मी आपला ड्रिलमास्तर."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बया! ह्ये ध्यानातच आलं न्हाई माज्या. देवी उगं न्हाई इतकी वर्सं आडवी येत!" आणि माझ्याकडे वळल्या. "ठरलं. तू संगट बसायचं. हिला मांडीवर घेऊन."

"मी?" माझा आवाज चिरकला. "सगळ्या गावासमोर? मी नाही बाई बसायची!"

"का वो सूनबाई?" मास्तरांनी विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण पिंकी वाटी धरून माझ्याकडेच बघत होती. ते उत्तर तिच्यासमोर देता येईना. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पारडं तुटलं तर?"

"सागाचं हाय," सासूबाई म्हणाल्या.

असं माझं ठरलं. आणि मी काय केलं असेल? मी जेवण टाकलं! जत्रेला काही दिवस होते. म्हटलं, जेवढं उतरेल तेवढं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मासवड्या केल्या. आमच्या भागातली मासवडी म्हणजे काय सांगावं. नाव मासळीचं, पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, सोबत तर्रीचा झणझणीत रस्सा. ताटं वाढली. पिंकी म्हणाली, "मला नको." मी म्हणाले, "मलाही नको, आज माझा उपास आहे." सासूबाई म्हणाल्या, "आज कसला उपास? मंगळवार न्हाई, चतुर्थी न्हाई."

पिंकीनं माझ्याकडे पाहिलं. "आई, तू पण?"

तेवढ्यात मास्तर न बोलावता आत आले, पाट ओढला आणि बसले. "दोगींना नको ना? मंग वाया कशाला जाऊ द्या," म्हणत त्यांनी माझं ताट पुढ्यात घेतलं. त्यांचं खाणं म्हणजे भुरके, मचमच, मध्येच डोळे मिटून "आहाहा, आक्का!" मिशीला तर्री लागलेली. माझं ताट बघता बघता साफ झालं. मग त्यांचा हात सावकाश पिंकीच्या ताटाकडे निघाला.

"मास्तर, ते माझं आहे!"

"तुला नको हाय ना?"

"नको होतं! आता हवंय!" तिनं दोन्ही हातांनी ताट ओढलं आणि एक मासवडी तोंडात कोंबली. मग दुसरी उचलली, थांबली, आणि ती माझ्यासमोर धरली. "तू खाल्लीस तर मी खाईन."

मी खाल्ली. काय करता? आणि एकदा खाल्ल्यावर दुसरी कशी नाही म्हणणार, मासवडीच ती. कोबीवर काढलेल्या सगळ्या दिवसांचा वचपा मी त्या दुपारी काढला. हात धुताना पिंकीनं विचारलं, "पारड्यात आधी तू बसशील ना? मग मी?"

"आधी मी," मी म्हणाले.

जत्रेच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. मास्तर सोबत, त्यांना कुणी या म्हटलेलं नव्हतं. देवळापुढच्या आंब्याला जाड सागाचं आडवं लाकूड टांगलेलं, दोन्ही टोकांना दोर आणि दोरांना फळ्या. हलगी वाजत होती. आमच्या ह्यांनी गुळाच्या ढेपा आणल्या होत्या त्या एका पोरीच्या हिशेबानं; बायको त्यात धरायची त्यांना सुचलं नव्हतं, आणि ती धरावी असं सांगायची माझी हिंमत नव्हती. पिंकी माझा पदर मुठीत धरून उभी होती. मूठ घामानं ओली.

मी नऊवारीचा काचा घट्ट केला, देवीला हात जोडले आणि फळीवर बसले. फळी कुरकुरली. पिंकी मांडीवर चढली. गुरवानं समोरच्या फळीवर एक ढेप ठेवली, दुसरी ठेवली, सगळ्या ठेवल्या. आमची फळी जमिनीला चिकटलेली, तसूभर हलेना.

"आजून आना!" कुणीतरी ओरडलं.

"आरं, हाय कुनाचं वजन ह्ये? आईचं का लेकीचं?" गर्दीतून एक आवाज. पिंकीचं अंग आक्रसलं. तिनं तोंड माझ्या खांद्यात खुपसलं.

"नवसाचं हाय!" मास्तर लाकडाखाली उभे राहून गरजले. "जेवढं ह्या फळीत, तेवढा गूळ तुमच्या तोंडात. कमी करू का पावनं? एक उतरवू?"

"न्हाई न्हाई! बसू द्या, बसू द्या!"

मग मजा सुरू झाली. दुकानदारानं होत्या नव्हत्या त्या ढेपा आणल्या. तरी हलेना. घराघरातून बाया गुळाचे खडे, डबे, पातेली घेऊन यायला लागल्या. एक म्हातारी पदरात बांधून मूठभर घेऊन आली. प्रत्येक खड्याला पोरं ओरडत होती, "आजून! आजून!" आमचे हे देवीकडे बघत उभे. सासूबाई मात्र नाचायच्या बाकी होत्या: "बघा, बघा! मायलेकी हायेत माज्या!"

पिंकीनं हळूच तोंड वर काढलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, जड कोण आहे? तू का मी?"

"मी," मी म्हणाले. "कितीतरी."

ती खुदकन हसली. "बरं झालं."

आणि फळी सुटली. आधी एक झोका, मग पाय जमिनीवरून उचलले गेले आणि आम्ही दोघी पाळण्यात बसल्यासारख्या हलायला लागलो. हलगी कडाडली, खोबरं उधळलं, गुरवानं भंडारा टाकला. पिंकी ओरडली, "आई, मी पण गूळ वाटणार!" आणि काही कळायच्या आत तिनं मांडीवरून खाली उडी मारली.

आता पारड्याचा धर्म तो पारड्याचा धर्म. लेक उतरली, गूळ तेवढाच राहिला. समोरची फळी धाडकन खाली गेली आणि मी भर्रकन वर. दोन्ही दोर घट्ट धरून, पदर डोक्यावरून घसरलेला, पाय हवेत, अख्ख्या जत्रेच्या माथ्यावर मी. गाव हसलं. असं हसलं, की हलगीवाल्याला वाजवता येईना.

"मास्तर! मला उतरवा!"

मास्तरांनी वर पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं आणि गुळाच्या फळीवर निवांत हात टेकून उभे राहिले.

"थांबा की सूनबाई. पोरगी खातीय. तुमी खाली आलात की बास म्हनाल."

उंचावरून मला सगळं दिसत होतं. पिंकी पोरींच्या घोळक्यात, दोन्ही मुठीत गूळ. एक खडा वाटायची, एक स्वतःच्या तोंडात टाकायची. गाल फुगलेले, हनुवटीवर चिकट ओघळ. कोण बघतंय, कोण हसतंय, तिचं लक्षही नव्हतं. गुरव म्हणत होता, आधी बाईला उतरवा. मास्तर म्हणत होते, काय घाई हाय. पिंकीनं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं आणि परत फळीकडे येऊन आणखी एक खडा फोडून घेतला.

मी दोर आणखी घट्ट धरला, पाय हलवले आणि वरून ओरडले, "पिंके, मला पण आण गं एक!"